पीएसटी शेअर्ड ड्राइव्हवर? नको रे बाप्पा!

आमच्या तालुक्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांतून सध्या एक मेसेज फिरतोय: "ऑफिसातल्या सगळ्यांच्या आउटलुकच्या पीएसटी फाइली सर्व्हरच्या शेअर्ड ड्राइव्हवर ठेवा. मेल सुरक्षित राहतात, कोणालाही उघडता येतात, बॅकअप आपोआप होतो. बिघडलीच तर स्कॅनपीएसटी चालवा." पीएसटी म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या आउटलुक या मेलच्या प्रोग्रामची मेल साठवणारी फाइल, आणि स्कॅनपीएसटी म्हणजे ती दुरुस्त करणारं त्याचंच टूल. मी यवतमाळ जिल्ह्यात जिनिंग, पतसंस्था, कृषी केंद्रांचे कॉम्प्युटर दुरुस्त करतो. या सल्ल्यामुळे माझा धंदा वाढतो, तरी लिहितो.

आधी ते "सुरक्षित". वर्डची फाइल सेव्ह करून बंद केली की विषय संपतो. पीएसटी मात्र आउटलुक चालू असेपर्यंत उघडीच असते आणि तिच्यात दिवसभर बारीकसारीक लिहिणं-वाचणं चालू असतं. मधेच नेटवर्क तुटलं की लिखाण अर्धवट राहतं आणि फाइल आतून खिळखिळी होते. एका जिनिंगच्या ऑफिसात ऐन कापसाच्या हंगामात हे दर चार-आठ दिवसांनी व्हायचं. "भाऊ, कालचे सौदे कुठी गेले?" मुनीमजींचा फोन ठरलेला. सर्व्हर आणि सगळे कॉम्प्युटर यूपीएसवर, मग बिघडतंय काय? शेवटी कपाटावर चढून पाहिलं, तर नेटवर्कचा स्विच, म्हणजे सगळे कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारा डबा, पंख्याच्या प्लगवर! लाइट पापणी लवेपर्यंत जायची. कॉम्प्युटरला पत्ता नाही, पण स्विच बंद होऊन परत सुरू व्हायचा. तेवढ्यात पीएसटी तुटायची. स्विच यूपीएसवर घेतला, त्रास कमी झाला, पण संपला नाही. नेटवर्कवरच्या पीएसटीला मायक्रोसॉफ्टच साधारणपणे सपोर्ट देत नाही, तिथे आपण काय ठिगळं लावणार?

"कोणालाही उघडता येतात" हे तर सरळ खोटं. एका वेळी एकच जण. दुसऱ्याला "फाइल वापरात आहे" असंच दिसणार. कधी पहिल्याचा कॉम्प्युटर लटकतो आणि सर्व्हर फाइल धरून बसतो. मग सर्व्हरच्या कॉम्प्युटर मॅनेजमेंटमध्ये, शेअर्ड फोल्डर्सखालच्या ओपन फाइल्समध्ये जाऊन ती सोडवावी लागते. दोघांना एकच मेल पाहायचे असतील तर आयमॅप किंवा एक्स्चेंजचं खातं घ्या; त्यात मेल मेलसेवेच्या सर्व्हरवरच राहतात.

बॅकअपचं म्हणाल, तर आउटलुक उघडं ठेवून माणसं घरी जातात आणि साधी कॉपी करणारा बॅकअप उघडी फाइल गुपचूप वगळतो.

स्कॅनपीएसटी काही रामबाण नाही. फाइलीतलं जे जुळत नाही ते हे टूल काढूनही टाकतं. म्हणून आउटलुक बंद करा, फाइल स्वतःच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा आणि त्या कॉपीवरच चालवा, चूक दाखवणं थांबेपर्यंत. नेटवर्कवरून चालवू नका. साइजही पाहा: आउटलुक 2002 पर्यंतच्या पीएसटीची मर्यादा 2 जीबी होती, 2003 आणि 2007 ची मूळ मर्यादा 20 जीबी, 2010 पासून 50.

मेसेजात खरं एवढंच, की सर्व्हरवर प्रत असावी. ठेवा, पण आउटलुक बंद करून केलेली कॉपी. चालती फाइल स्थानिक डिस्कवर आणा, अकाउंट सेटिंग्जच्या डेटा फाइल्समध्ये ही स्थानिक फाइल जोडून डिफॉल्ट करा, आणि सर्व्हरवरच्या जुनीचं नाव त्याच दिवशी बदला. नाहीतर दोन महिन्यांनी कोणीतरी तीच उघडेल आणि "मेल येनंच बंद झालं ना भाऊ" म्हणून मला फोन करेल.