‘पगारात जाणारे दान वाया’ म्हणणाऱ्या संदेशाला उत्तर

दिवाळी जवळ आली की जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या व्हॉट्सॲप समूहांत एक संदेश फिरू लागतो. त्याचा आशय असा: संस्थांना पैसे देऊ नका, ते पगारात आणि गाडीभाड्यात जातात, संस्थांकडे हिशेब मागा, त्यापेक्षा ब्लँकेट, साड्या आणि फराळ घेऊन स्वतः सातपुड्यात जा, उरलेले कंपन्या आपल्या सीएसआरच्या, म्हणजे सामाजिक कामांवर कायद्याने खर्च करायच्या नफ्याच्या, दोन टक्क्यांतून पाहतील, नफा आणि लोकहित एकत्र नांदत नाहीत म्हणून इतर धंद्यांनी त्यात पडू नये, आणि इतके करूनही पाडे आहेत तसेच राहणार. पाठवणाऱ्यांच्या मनात कळकळ असते, याविषयी मला शंका नाही. पण यातले जवळजवळ प्रत्येक विधान चुकीचे आहे, आणि त्यावर विश्वास ठेवून दिलेले दान जिथे पोहोचायला हवे तिथे पोहोचत नाही.

पहिला मुद्दा पगाराचा. धडगाव किंवा अक्कलकुव्याच्या एखाद्या पाड्यावर ज्या बालकाचा दंडघेर (दंडाचा घेर) साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरतो, ते तीव्र कुपोषित मानले जाते. त्याला वाचवायचे तर आधी कोणीतरी डोंगर चढून तो दंड मोजायला हवा. मग घरी दुसरी मुले, शेत आणि कोंबड्या सोडून पोषण पुनर्वसन केंद्रात काही दिवस राहायला आईला तयार करायला हवे. आणि ती परतल्यावर पुन्हा पुन्हा पाड्यावर जाऊन मुलाचे वजन घसरत नाही ना, हे पाहायला हवे. हे काम पावरी किंवा भिली बोलणारा, वर्षानुवर्षे त्याच भागात टिकणारा माणूसच करू शकतो. अशा कामात त्या माणसाचा पगार म्हणजे सेवेवर चढलेला वरखर्च नव्हे; तो पगार हीच सेवा आहे. सरदार सरोवराच्या फुगवट्यालगतच्या, रस्ता नसलेल्या गावांसाठी बोटीवरचा दवाखाना चालवला गेला. त्यातून डिझेल, नावाडी आणि परिचारिका वजा केल्या तर काठाला बांधलेली रिकामी बोट उरते.

याच मुद्द्याच्या पुष्टीसाठी ‘कायद्यानेच पगारावर पाच टक्क्यांची मर्यादा घातली आहे’ असेही सांगितले जाते. सीएसआर नियमांतील ही मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण प्रशासकीय खर्चाला आहे. प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांवर थेट होणारा खर्च त्या व्याख्येतून स्पष्टपणे वगळलेला आहे. म्हणजे पाड्यावर फिरणाऱ्या कार्यकर्तीचे मानधन त्या पाच टक्क्यांत येतच नाही.

वस्तूंबद्दल थोडक्यात. दिवाळीनंतर नंदुरबारच्या डोंगरातली अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात आणि होळीच्या सुमारास परततात. आम्ही काही मित्र एका वर्षी ब्लँकेटांची गाडी भरून दिवाळीनंतर एका पाड्यावर गेलो, तेव्हा निम्म्याहून अधिक घरांना कुलूप होते. ज्यांना थंडी लागत होती, ते उसाच्या फडात उघड्यावर झोपत होते. तिथे राहणाऱ्या एखाद्या कार्यकर्त्याला आधी विचारले असते, तर हे त्याने एका वाक्यात सांगितले असते.

आता धंद्याचा प्रश्न, जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 प्रमाणे दोन टक्क्यांची सक्ती फक्त त्या कंपन्यांना आहे, ज्यांची निव्वळ मालमत्ता 500 कोटी, उलाढाल 1,000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी रुपये वा त्याहून अधिक आहे. जळगावच्या बहुतेक डाळमिला, चटईचे कारखाने आणि सराफी पेढ्या या कक्षेबाहेर राहतात. भागीदारी पेढ्यांना तर हे कलम लागूच होत नाही. तेव्हा ‘कंपन्या पाहतील’ म्हणजे खानदेशातला बराचसा उद्योग काहीच पाहणार नाही.

शिवाय धंद्याकडे पैशापेक्षा मोलाचे काही असते. जळगावचे उद्योजक भवरलाल जैन यांच्या कंपनीने ठिबक संच विकले, पण नळ्यांबरोबर पाणी आणि खत केव्हा, किती द्यायचे हे शेतकऱ्याला शिकवणारी माणसेही बांधावर पाठवली, आणि ऊतिसंवर्धित, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या, रोपांनी रावेर-यावलच्या केळीचे रूप बदलले. तो व्यापारच होता, दान नव्हते, आणि त्याचा लाभ पाणी असलेल्या शेतकऱ्याला झाला तितका भूमिहीन मजुराला झाला नाही, हेही मान्य केले पाहिजे. परंतु नफा आणि लोकहित एकत्र नांदत नाहीत, हे विधान खानदेशात तरी टिकत नाही. शिरपूर तालुक्यात नाले रुंद आणि खोल करून साखळी बंधारे बांधण्याच्या कामाला सूतगिरणीच्या पैशाचा आधार मिळाला, पण त्याला दिशा दिली ती सुरेश खानापूरकर या भूवैज्ञानिकाच्या अभ्यासाने: पाणी न मुरू देणारा थर कोठे आहे आणि तो किती खोदायचा, हे आधी पाहिले गेले. हा अभ्यास न करता तेच खोदकाम दुसऱ्या भूस्तरात करणे म्हणजे पोकलेनचे भाडे भरणे. अमळनेरचे उदाहरण याहून जुने आहे. तिथे 1945 साली वनस्पती तेलाचा कारखाना म्हणून सुरू झालेल्या कंपनीची पुढे विप्रो झाली, आणि अझीम प्रेमजींनी त्या संपत्तीतून उभारलेल्या फाउंडेशनने सरकारी शाळांतल्या शिक्षकांच्या क्षमतेवर भर दिला. तोही माणसांवरचाच खर्च आहे.

‘काही बदलत नाही’ हे तर बारीपाड्याला जाऊन कोणी म्हणू नये. साक्री तालुक्यातल्या या आदिवासी गावाने चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने कुऱ्हाडबंदीचे नियम स्वतः केले, ते मोडणाऱ्यांना दंड केला आणि चारशे हेक्टरांहून अधिक जंगल राखले. पवारांना 2025 साली पद्मश्री जाहीर झाली. तिथे बाहेरच्यांची मदत नंतर आली आणि गावाच्या नियमांना धरून आली.

संदेशातली एक गोष्ट मात्र रास्त आहे: हिशेब मागितलाच पाहिजे. पण ‘पगारावर किती टक्के?’ हा प्रश्न विचारू नये. गेल्या पावसाळ्यात ज्या मुलांचा दंडघेर साडेअकराच्या खाली होता, त्यांपैकी किती मुले होळीनंतर पुन्हा मोजली गेली, आणि जी सापडली नाहीत ती कोणत्या फडावर होती, हे संस्थेला विचारावे.