मेल उघडाच बरा

पुण्यात आयटीत असलेला भाचा गड्ड्याच्या यात्रेला सोलापूरला घरी येतो आणि दुसऱ्याच दिवशी चहा पिता पिता म्हणतो, "मामा, तुमचे मेल एन्क्रिप्ट करा, म्हणजे किल्ली असलेल्यालाच वाचता येतील असे कुलूपबंद करा." असा प्रसंग तुमच्यावर ओढवला तर घाबरू नका. आधी त्याच्यापुढे कडक भाकरी आणि शेंगाचटणी ठेवा. कडक भाकरी चावताना तंत्रज्ञानावर बोलता येत नाही. तरीही तो बोललाच, तर ठेवणीतलं वाक्य काढा: "आपल्याला काय लपवायचंय बे?"

या वाक्यावर आजवर कुणाला उत्तर सुचलेलं नाही. फक्त ते म्हणताना थोडं भान ठेवा. बँकेचा एसएमएस आला म्हणून फोन छातीशी धरलेला नसावा. थोरलीच्या स्थळाची बोलणी शेजारच्या वहिनींच्या कानावर जाऊ नयेत म्हणून आतल्या खोलीत दार लावून बसला असाल, तर आधी दार उघडा आणि मग वाक्य म्हणा.

अक्कलकोट रोडला तुमचा टॉवेलचा कारखाना असेल तर हा सल्ला खास तुमच्यासाठी. सूत काय भावानं उचललं हे तुम्ही सख्ख्या भावाला सांगत नाही, ते योग्यच आहे. परदेशातली पार्टी कोणती, तिला पीस कितीला दिला, हे शेजारच्या शेडमध्ये कळू नये म्हणून तुम्ही गाडीत बसून काचा वर करून फोन करता, तेही योग्य. हे सगळं झालं की तोच भाव, तीच पार्टी आणि तेच कोटेशन फुकटच्या मेलवरून बिनधास्त पाठवून द्या. पासवर्ड रोजकीर्दीच्या पुठ्ठ्यावर लिहिलेला असू द्या, म्हणजे दिवाणजींना अडचण नको. आधीच्या दिवाणजींनाही तो ठाऊक आहे आणि ते हल्ली शेजारच्या शेडमध्ये कामाला आहेत, हा योगायोग समजा. पासवर्ड बदलू नका, त्यांना वाईट वाटेल.

मग एक दिवस तुमच्या पार्टीला तुमच्याच नावानं मेल जाईल: आमचं बँक खातं बदललंय, यापुढचं पेमेंट खालच्या खात्यात करावं. पत्ता तुमच्यासारखाच, एखादं अक्षर काय ते मागंपुढं. भाषा तुमच्याहून बरी. इनव्हॉइसचा नंबर आणि रक्कम अगदी बरोबर, कारण लिहिणारा तुमचे मेल शांतपणे वाचत बसलेला होता. अशा फसवणुकीच्या ज्या तक्रारी २०२३ सालात अमेरिकेच्या एफबीआयकडे आल्या, त्यांत बुडालेली रक्कम २९० कोटी डॉलरच्या वर होती. मेलवर डिजिटल सही, म्हणजे तो तुमच्याकडूनच आलाय हे पटवणारी खूण असती आणि पार्टीला ती तपासायची सवय असती, तर बिनसहीचा मेल तिथंच उघडा पडला असता. पण सही करायची म्हणजे आधी किल्ल्या तयार करा, पार्टीला एक द्या, तिची घ्या, ती तिचीच आहे का हे फोनवरून ताडून बघा. एवढ्या वेळात एक कंटेनर भरून होतो. सोडा की ओ.

भाचा इथं ब्राउझरमधल्या छोट्या कुलपाबद्दल काहीतरी बोलेल. ते कुलूप दिसतंय ना, झालं तर मग. त्याच्या म्हणण्याप्रमाणे ते कुलूप फक्त रस्त्यापुरतं असतं. तुमच्या कंप्युटरपासून सर्व्हरपर्यंत आणि बहुतेक वेळा एका सर्व्हरपासून दुसऱ्यापर्यंत मेल झाकून जातो, पण प्रत्येक मुक्कामी उघडतो. ज्याच्या घरी मुक्काम, त्याला तो वाचता येतो. मेलची जी पद्धत १९८२ साली ठरली तिच्यात मजकूर झाकायची सोयच नव्हती. तेव्हा नेटवर्कवर माणसं थोडी होती आणि बहुतेक एकमेकांना ओळखत होती. झाकणं पुढं वरून चिकटवली गेली. हे सगळं खरं आहे, म्हणूनच ऐकून घेऊ नका.

आणि वाचलं तर बिघडलं कुठं? २००४ साली जीमेल आलं ते मेलमधल्या शब्दांवरून जाहिराती दाखवतच आलं. जाहिरातींसाठी मेल चाळणं थांबवत असल्याचं गुगलनं २०१७ साली जाहीर केलं. म्हणजे तेरा वर्षं एक यंत्र तुमचा शब्द न् शब्द लक्ष देऊन वाचत होतं. घरात तुमचं इतकं कोण ऐकतं? याहूच्या खात्यांची माहिती २०१३ साली चोरीला गेली. सगळीच्या सगळी, म्हणजे सुमारे ३०० कोटी खाती त्यात होती, हे कबूल व्हायला २०१७ उजाडलं. तुम्ही त्या गर्दीत असाल तर एकटं वाटून घेऊ नका.

खासगीपणाचा कस लागतो तो मात्र झेरॉक्सच्या दुकानात. नवी पेठ, सात रस्ता, कॉलेजच्या आसपास, कुठलंही दुकान घ्या. प्रिंट काढायची तर "ह्या आयडीवर मेल टाका" अशी पाटी भिंतीवर असतेच. आधार, पॅन, खरेदीखत, सातबारा, बायकोचा सोनोग्राफीचा रिपोर्ट, पोराची मार्कशीट, सगळं त्या एका आयडीवर जातं आणि तिथून 'न्यू फोल्डर'मध्ये. जागा भरली की 'न्यू फोल्डर २'. तुमच्या आधी आलेल्या माणसाचं खरेदीखत स्क्रीनवर उघडंच असतं. रांगेत उभ्याउभ्या ते वाचून काढा, जुळे सोलापुरात गुंठ्याचा भाव काय चाललाय ते फुकटात कळतं. तुमचं खरेदीखत मागचा माणूस वाचतोय, तर जरा बाजूला सरका, त्याला नीट दिसू द्या.

कधी आयडीवर टाकण्यापेक्षा दुकानाच्या कंप्युटरवर आपलंच मेल खातं उघडणं सोपं वाटतं. तसंच करा. काम झाल्यावर पोरगा विचारेल, "काका, लॉगआऊट करू का?"

"ऱ्हाऊ दे की. परत ओटीपी मागतंय ते."

इथं जगातलं कुठलंही एन्क्रिप्शन हात टेकतं. एंड-टू-एंड म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि टोकच तुम्ही काउंटरवर ठेवून आलात. माझ्या मते गणितज्ञांनी हा पराभव खिलाडूपणे मान्य करावा.

भाचा अजून ऐकत नसेल तर तो किल्ल्यांवर येईल. ऐकून ठेवा, म्हणजे खोडून काढायला बरं. देवळातल्या दानपेटीच्या फटीतून कुणालाही काहीही आत टाकता येतं, पण पेटी उघडते ती विश्वस्तांकडच्या किल्लीनंच. टाकणाऱ्यालाही टाकलेलं परत काढता येत नाही. तुमची सार्वजनिक किल्ली म्हणजे ती फट, ती गावभर वाटा. खासगी किल्ली तुमच्यापाशीच ठेवा. ही कल्पना डिफी आणि हेलमन या दोघांनी १९७६ साली जाहीरपणे मांडली, ती प्रत्यक्षात आणणारी आरएसए ही पद्धत पुढच्याच वर्षी आली, आणि १९९१ साली फिल झिमरमन नावाच्या अमेरिकन प्रोग्रामरनं पीजीपी हे मेल कुलूपबंद करायचं सॉफ्टवेअर सामान्य माणसासाठी मोकळं केलं. बक्षीस म्हणून त्याच्यामागं सरकारी चौकशी लागली. मजबूत एन्क्रिप्शन तेव्हा अमेरिकेच्या निर्यातबंदीच्या यादीत दारूगोळ्याशेजारी बसवलेलं होतं. झिमरमननं १९९५ मध्ये सगळा सोर्स कोड पुस्तक म्हणून छापवून घेतला, कारण सॉफ्टवेअर देशाबाहेर नेणं गुन्हा ठरला तरी छापील पुस्तकाला अडवणं तितकं सोपं नव्हतं. १९९६ साली खटला न भरताच चौकशी बंद झाली. तर दारूगोळ्याच्या यादीतली वस्तू तुम्ही घरात ठेवणार? लहान मुलं आहेत घरात.

शिवाय ते अवघड असतं, आणि याला पुरावा आहे. १९९९ साली कार्नेगी मेलन आणि बर्कलीच्या दोन संशोधकांनी बारा जणांना नव्वद मिनिटं देऊन पीजीपीनं मेल कुलूपबंद करायला सांगितलं. जमलं फक्त एक तृतीयांश लोकांना. तिघांनी तर जे गुपित जपायचं होतं तेच उघडं पाठवून दिलं. हे वाक्य तोंडपाठ करा. मात्र २०२० पासून थंडरबर्ड या मेलच्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय आतच बसवलेली आहे, आणि २०१४ साली सुरू झालेल्या स्वित्झर्लंडच्या प्रोटॉन या मेलसेवेत दोन्हीकडे प्रोटॉनचंच खातं असेल तर कुलूप आपोआप लागतं, हे कुणाला बोलू नका. हातची सबब जाईल.

सबब नसेल तर टाळाटाळ करा. २०१२ च्या शेवटी ग्लेन ग्रीनवाल्ड नावाच्या पत्रकाराला एका अनोळखी माणसाचा निरोप आला: महत्त्वाचं सांगायचंय, आधी पीजीपी बसवा. त्या माणसानं पायरीपायरीनं सांगितलं, वर व्हिडिओही करून पाठवला. ग्रीनवाल्डकडे दुसरी कामं होती. शेवटी तो माणूस माहितीपट करणाऱ्या लॉरा पॉयट्रसकडे गेला, तिला हे सगळं आधीपासून येत होतं. अनोळखी माणसाचं नाव एडवर्ड स्नोडेन, अमेरिकन सरकार लोकांवर ठेवत असलेली पाळत पुढं उघडी पाडली तोच. पुढं बातमीत ग्रीनवाल्डही आलाच, म्हणजे "बघतो, सोमवारी करू" म्हणणाऱ्याचं फारसं बिघडत नाही. तुम्हाला कुणी स्नोडेन लिहिणार नाही, ते खरं. पण कोर्टात केस असलेली बहीण लिहील. नोकरी सोडायच्या बेतात असलेला मित्र लिहील. एचआयव्हीची तपासणी करून आलेला कुणीतरी लिहील, कारण त्याला तुमच्याशिवाय कुणी नाही. तुमच्या इनबॉक्समध्ये तुमचं स्वतःचं असं फार थोडं असतं, बाकी सगळं लोकांचं. म्हणून तर "आपल्याला काय लपवायचंय" हे इतक्या मोकळेपणानं म्हणता येतं.

कायद्याची भीती कुणी घातली तर दोन्ही बाजू माहीत असू द्या. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमतानं सांगितलं. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९ सांगतं की सरकारनं रीतसर आदेश दिला तर कुलूप उघडायला मदत करावी लागते, नाहीतर सात वर्षांपर्यंत कैद. आता हक्क मिळाला म्हणून लगेच वापरलाच पाहिजे असं थोडंच आहे? मतदानाच्या सुट्टीचं आपण काय करतो?

काही चिकट लोक इथं १९३० चं सोलापूर काढतात. मे महिन्यात मार्शल लॉ लागला आणि आदल्या महिन्यापर्यंत उघडपणे मिरवलेला तिरंगा रातोरात गुन्हा झाला. आज लपवण्यासारखं नसलेलं उद्या कोण गुन्ह्यात धरील, हे आपल्या हातात नसतं, असा त्यांचा मुद्दा. १२ जानेवारी १९३१ ला चौघा सोलापूरकरांना फाशी झाली, त्यांचे पुतळे चौकात आहेत. आपण रोज त्यांना वळसा घालूनच जातो. मुद्द्यालाही तसाच वळसा घाला.

इतकं करूनही भाच्यानं तुमच्या कंप्युटरवर सगळं बसवूनच दिलं, तर खचून जाऊ नका. वाटा अजून पुष्कळ आहेत. ओपनपीजीपी म्हणजे पीजीपीवरूनच ठरलेली पद्धत, तिच्या जुन्या रूपात मेलचा मजकूर झाकला जातो, पण कुणी कुणाला कधी पाठवला ते उघडं राहतं आणि विषयाची ओळही साधारण उघडीच राहते. तेव्हा मुख्य मजकूर विषयातच लिहायची सवय लावा: 'जावईबापूंना दिलेले चार लाख, परत कधी?' आत फक्त 'कळावे' लिहा. खासगी किल्लीची दुसरी प्रत कुठंही ठेवू नका. हार्ड डिस्क गेली की जुने मेल तुम्हालाही उघडणार नाहीत. 'पासवर्ड विसरलात का' असं विचारणारं तिथं कुणी नसतं, आणि भाच्यानं घोळ केला असं वर्षभर म्हणता येतं. किल्लीचा पासवर्ड कुठं लिहायचा ते तुम्हाला सांगायला नको. पुठ्ठ्यावर जागा आहे.

गंमत अशी की "असल्या भानगडी नकोत" म्हणणारे आपण सगळे एप्रिल २०१६ पासून व्हॉट्सॲपवर एंड-टू-एंड एन्क्रिप्शन वापरतोय आणि कुणाला साधी शिंकही आली नाही. कारण आपल्याला काही करावंच लागलं नाही. पण हताश होऊ नका, तिथंही करण्यासारखं आहे. बॅकअपचं एन्क्रिप्शन २०२१ पासून मिळतं, ते सुरू करावं लागतं, करू नका.

आणि बहिणीनं कोर्टाच्या तारखेचं, वकिलाच्या सल्ल्याचं सगळं लिहून, नीट कुलूप लावून मेल पाठवला, तर ताबडतोब उत्तर द्या. उत्तर बिनकुलपाचं असू द्या. खाली तिचा सगळा मजकूर उलगडून तसाच चिकटलेला असतो, तो पुसायची तसदी घेऊ नका. वर फक्त 'ओके ताई' लिहा. 'रिप्लाय ऑल' दाबा. सीसीमध्ये भावजींचा जुना आयडी असेल तर असू द्या, शेवटी घरचेच आहेत.