प्रिंटर राउटरलाच का जोडावा : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. अंबाजोगाईहून आपण सविस्तर लिहिलेत, म्हणून उत्तरही जरा विस्ताराने देतो. प्रिंटर राउटरला जोडून त्याला कायमचा आयपी पत्ता (नेटवर्कमध्ये यंत्र ओळखण्याचा क्रमांक) द्यावा, हा माझा सल्ला आपल्याला विनाकारण खटाटोप वाटतो. एका संगणकाला यूएसबीने जोडून तो इतरांना शेअर केला की भागते, असे आपण म्हणता. शिवाय हाताने पत्ता दिल्यापासून प्रिंटर अधूनमधून 'ऑफलाइन' दिसू लागला, अशी आपली तक्रार आहे.

एकाच खोलीत दोन संगणक असतील, तर शेअरिंगला माझी हरकत नाही. आपल्याकडे मात्र प्रिंटर मुख्य टेबलावरच्या संगणकाला आहे, आणि तो बंद असला किंवा स्लीपमध्ये गेला की बाकीच्यांची छपाई अडते. पीकविम्याच्या दिवसांत अर्ज भरायला दारात रांग असताना ही अडचण परवडत नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये विंडोजच्या अपडेटनंतर शेअर केलेल्या अनेक प्रिंटरांना '११बी'ने संपणारी त्रुटी येऊ लागली. त्यावर आपण केलेला रजिस्ट्रीतला (विंडोजच्या अंतर्गत सेटिंगच्या नोंदींतला) बदल मला पटत नाही, कारण त्याने छपाई सुरू होते ती मुद्दाम घातलेले सुरक्षेचे बंधन काढून. प्रिंटरला लॅनचे, म्हणजे नेटवर्कची केबल लावण्याचे, पोर्ट असल्याचे आपणच लिहिले आहे. म्हणजे खर्च फक्त केबलचा.

आता तक्रारीकडे. आपण दिलेला पत्ता १९२.१६८.१.१० आहे आणि राउटर शेवटचा आकडा २ पासून २५४ पर्यंत असलेले पत्ते स्वतः वाटतो, यातच बहुधा उत्तर आहे. लाइट जाते, परत येते, राउटर सुरू होतो, आणि प्रिंटरचे बटण कुणी दाबेपर्यंत १० क्रमांक एखाद्याच्या मोबाइलला जाऊन बसलेला असतो. मग एका पत्त्यावर दोन दावेदार, आणि छपाई कधी होते, कधी होत नाही. राउटरची वाटप-मर्यादा १०० ते १९९ करून प्रिंटरला ५० द्या. त्याहून बरे म्हणजे प्रिंटरची सेटिंग 'ऑटो' ठेवून राउटरमध्येच त्याच्या मॅक पत्त्यासाठी (यंत्राला कारखान्यातच मिळालेल्या ओळख-क्रमांकासाठी) एक आयपी राखून ठेवणे. उद्या इंटरनेटवाल्याने राउटर बदलला, तरी प्रिंटरला निदान कोणता तरी चालू पत्ता मिळेल. हाताने दिलेला पत्ता नव्या राउटरशी जुळेलच असे नाही. मॅक पत्ता प्रिंटरमधूनच छापून निघणाऱ्या नेटवर्क सेटिंगच्या पानावर असतो. त्याच पानावर आयपी १६९.२५४ने सुरू होत असेल, तर ड्रायव्हर पुन्हा टाकत बसू नका; राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही, म्हणून आधी केबल पाहा.

पत्ता स्थिर झाला की प्रत्येक संगणकावर प्रिंटरचे पोर्टही (विंडोज ज्या मार्गाने छपाई पाठवते ती सेटिंग) तपासा. विंडोज आपण होऊन प्रिंटर शोधते तेव्हा अनेकदा डब्ल्यूएसडी पोर्ट लावते, म्हणजे ठरलेल्या पत्त्याऐवजी नेटवर्कवर प्रिंटर शोधून काढणारे. त्याऐवजी 'स्टँडर्ड टीसीपी/आयपी' पोर्ट घेऊन त्यात हाच पत्ता लिहा. एवढ्यावरही प्रिंटर चालू असून 'ऑफलाइन' दिसला, तर त्या पोर्टच्या सेटिंगमधली 'एसएनएमपी स्टेटस'ची (प्रिंटरला त्याची स्थिती विचारत राहण्याची) खूण काढून पाहा.

राउटरसह प्रिंटरही यूपीएसवर घेण्याचा आपला विचार मात्र अर्धाच अमलात आणा. राउटर अवश्य घ्या. लेझर प्रिंटरचा फ्यूजर (उष्णतेने टोनर कागदावर पक्का करणारा भाग) तापताना इतकी वीज ओढतो, की संगणकाचा छोटा यूपीएस त्या झटक्याने बंद पडू शकतो आणि अर्धवट टाइप केलेले अर्जही त्यासोबत जातील.