मैफल टिपा, पैसे राखा

तुमच्या मंडळाच्या गाण्याच्या कार्यक्रमाचं बजेट ठरायला बसलात की पहिल्यांदा चित्रीकरणाची ओळ खोडा. फ्लेक्स, हार, शाल-श्रीफळ, पाहुण्यांचा नाश्ता यांना कात्री लावता येत नाही. चित्रीकरण मात्र कुणाच्या तरी भाच्याकडून होऊन जातं. भाचा इंजिनीअरिंगला आहे, त्याच्याकडे हप्त्यांवर घेतलेला फोन आहे आणि चुलत बहिणीच्या हळदीचं रील त्यानेच केलं होतं. आणखी काय पात्रता हवी?

भाच्याला शेवटच्या रांगेत उभा करा. पुढे तिवई ठेवली तर देणगीदारांना दिसत नाही आणि पुढच्या वर्षी देणगी दिसत नाही. लांबून टिपण्याचा एक फायदा फारसा कुणाला माहीत नसतो. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. म्हणजे तुम्ही 34 मीटर मागे असाल, तर तबलजींचा हात आधी पडतो आणि बोल सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याने उशिरा येतो. मिनिटाला 300 मात्रांची द्रुत लय धरली तर ही चक्क अर्धी मात्रा झाली. आयुष्यभर रियाज केलेल्या माणसाला तुम्ही एका पैशाचाही खर्च न करता बेताला करून दाखवलंत! पुण्याच्या शनिवार पेठेतल्या सुदर्शन रंगमंचासारख्या छोट्या जागेत ही सोय नाही. त्यासाठी मोठं सभागृह घ्या, शक्यतो बाल्कनीचं.

फोन उभाच धरावा. आपली मैफल आडवी बसते, मधे गायक, एका हाताला तबला, दुसऱ्या हाताला पेटी, मागे तानपुरे. उभ्या चौकटीत गायक, त्यांच्या डोक्यावरचा प्रायोजकाचा फलक आणि समोरचा फुलांचा ताटवा नेमका मावतो. साथीदार बाहेर राहतात, पण त्यांचं मानधनही तसं चौकटीबाहेरचंच असतं.

प्रकाशाचं सगळं फोनवर सोपवा. मागे काळा पडदा, चेहऱ्यावर झगझगीत झोत, असं दिसलं की फोन पडद्याची कीव करून तो उजळायला जातो आणि गायिकेचा चेहरा पांढराफटक पडतो. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे स्वस्तातले दिवे सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. कॅमेऱ्याचं शटर सेकंदाच्या पन्नासाव्या किंवा शंभराव्या हिश्श्यावर बांधलं तर ते कळत नाही. म्हणून बांधू नका. पडद्यावरून काळे पट्टे सरकत राहिले की व्हिडिओला जरा हालचाल येते. नाहीतर ख्यालात बघण्यासारखं असतं काय?

आता आवाज. गाण्याच्या कार्यक्रमात आवाजावर खर्च करणं ही निव्वळ चैन आहे. फोनमधला माइक तुमच्यापेक्षा हुशार असतो. आलापात गायक षड्ज लावून क्षणभर थांबले की त्याला वाटतं सभागृह ओस पडलं आणि तो कान टवकारतो. मग पंख्याची घरघर, चिवड्याची पुडी आणि शेजारच्या काकांचं ‘हा भीमपलास नव्हे हो, धनाश्री’ हे इतकं स्वच्छ येतं, की खास त्यांच्यासाठीच माइक लावला होता असं वाटावं. तेवढ्यात समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, तबला आला की फोन दचकतो आणि सगळाच आवाज खाली ओढतो. मुखड्याची पुढची दोन अक्षरं गेली. कोणती, ते रसिकांनी ओळखायचं.

फारच हौस असेल, तर पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या तपकीर गल्लीतून एक वायर आणा आणि मिक्सरवाल्याकडून आवाज मागा. तो ‘लाइन आउट देऊ का?’ विचारेल. हो म्हणा आणि पिन सरळ कॅमेऱ्याच्या माइकच्या भोकात खुपसा. लाइनचा सिग्नल माइकच्या निदान शंभरपट जोरकस असतो. घरी जाऊन ऐकाल तेव्हा प्रत्येक तान फाटक्या कर्ण्यातून आल्यासारखी येईल; दोष गळ्याचा की वायरीचा, हे श्रोत्यांना कधीच कळत नाही.

काही अतिशहाणे एक छोटा रेकॉर्डर भाड्याने आणतात, तो दुसऱ्या रांगेत उंच स्टँडवर लावतात, आवाजाची पातळी हाताने बांधतात आणि नंतर तबल्याच्या पहिल्या थापेवर चित्र न् आवाज जुळवतात. फोन विमान मोडवर टाकतात, चेहऱ्यावर बोट दाबून प्रकाश कुलूपबंद करतात. फ्लेक्सवरचे दोन नेते कमी केले तर हा खर्च निघेलही. पण कोणते दोन?

भाच्याऐवजी कुणाचा जुना कॅमेरा मिळाला तर उत्तमच. त्यांतले बरेच 29 मिनिटं 59 सेकंदांनी गुपचूप बंद पडतात. अर्धा तास आणि त्याहून जास्त टिपणाऱ्या यंत्रावर युरोपात वेगळी जकात होती, म्हणून कंपन्यांनी ही मेख मारून ठेवली. युरोपातल्या जकात अधिकाऱ्यांना विलंबित एकतालाची संथ चाल ठाऊक असणं शक्य नव्हतं. तुम्हाला आहे, तरीही बटण सत्काराच्या वेळीच दाबा. 4केमध्ये अर्ध्या तासाच्या भाषणांना दहाएक जीबी सहज लागतात. कार्ड भरलं की बडा ख्याल सुरू होतो. मैफल उघड्यावर असेल तर रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करायचा असल्याने भैरवी तशीही आवरती घ्यावी लागते. ती भाच्याने पार्किंगमधून टिपली तरी चालेल.

संकलनात एकच पथ्य. तिहाई, म्हणजे तोच तुकडा तीनदा घेऊन समेवर येणं, येताना दिसली की लगेच तानपुऱ्यावर कट मारा आणि सम झाल्यावर परत या.

व्हिडिओ टाकल्यावर कुणीतरी ‘आवाज येत नाही’ असं लिहीलच. त्याला ‘हेडफोन लावून ऐका’ म्हणून कळवा. तबलजींचा फोन आला आणि ‘त्या दिवशी मी होतो ना हो?’ असं त्यांनी विचारलं, तर खाली वर्णनात तुमचं नाव घातलंय म्हणून सांगा. आडनाव चुकलंय, ते त्यांना दिसेलच.