‘फक्त ९ टक्के’ म्हणून कचरा वेगळा करणं सोडायचं?

एक मेसेज सध्या खूप फिरतोय. त्याचा सारांश असा: जगातलं फक्त ९ टक्के प्लास्टिक रिसायकल होतं, म्हणून घरी कचरा वेगळा करणं व्यर्थ. डबे-बाटल्या धुण्यात पाणी वाया जातं. पाकिटावरचा बाणांचा त्रिकोण ही फसवणूक आहे. गाडीत सगळं एकत्रच होतं. त्यापेक्षा ‘बायोडिग्रेडेबल’ वस्तू घ्या आणि सगळं एकाच डब्यात टाका. मला हा मेसेज तिघांनी पाठवला आणि तिघंही वर्षानुवर्षं नेमाने कचरा वेगळा करणारी माणसं. त्यांनी हात टेकू नयेत असं मला फार वाटतं.

९ टक्क्यांचा आकडा खरा आहे. संशोधक रोलँड गेयर आणि सहकाऱ्यांनी तो २०१७ साली मांडला. १९५० ते २०१५ या काळात सुमारे ८३० कोटी टन प्लास्टिक तयार झालं आणि त्यातल्या सुमारे ६३० कोटी टनांचा कचरा झाला. त्या कचऱ्यातलं ९ टक्के रिसायकल झालं, १२ टक्के जाळलं गेलं, उरलेलं कचरा डेपोत किंवा उघड्यावर साचलं. म्हणजे ही ६५ वर्षांची गोळाबेरीज आहे. १९८० पूर्वी तर प्लास्टिकचं रिसायकलिंग जवळपास नव्हतंच, ती वर्षंही यात धरलेली आहेत. तुम्ही आज वेगळ्या ठेवलेल्या बाटलीचं काय होईल, हे त्या आकड्यातून कळत नाही.

शिवाय हा आकडा फक्त प्लास्टिकचा. ॲल्युमिनियमचा जुना कॅन वितळवायला खनिजापासून नवं ॲल्युमिनियम काढण्यापेक्षा सुमारे ९५ टक्के कमी ऊर्जा लागते. काच कितीही वेळा वितळवा, तिचा कस जात नाही. कागदाचे तंतू दर फेरीला आखूड होतात, तरी साधारण पाच-सात फेऱ्या निघतात. प्लास्टिकचा आकडा पुढे करून या तिन्ही वस्तू कचऱ्यात लोटायच्या, हे मला पटत नाही.

धुण्याचं म्हणाल तर कुणी डबा साबणाने लख्ख घासायला सांगत नाही. भांडी धुऊन उरलेल्या पाण्यात एकदा विसळला की झालं. हा खटाटोप त्या डब्यापेक्षा त्याच पिशवीतल्या कागदासाठी जास्त असतो. डब्यातलं उष्टं गळालं की शेजारचा पुठ्ठा भिजतो, आणि त्याला तेल लागलं तर ते पुढे कागदाच्या लगद्यात उतरतं.

त्रिकोणाबद्दल मात्र मेसेज अर्धा बरोबर आहे. बाणांचं चिन्ह १९७० सालचं, गॅरी अँडरसन या विद्यार्थ्याने काढलेलं. १९८८ साली अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाने तसेच बाण आपल्या १ ते ७ आकड्यांभोवती लावले आणि घोळ झाला. आकडा फक्त प्लास्टिकची जात सांगतो, ते रिसायकल होईलच असं नाही. पण म्हणून आकडा निरुपयोगी ठरत नाही. १ म्हणजे पीईटी, पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक. बाटलीचा आणि तिच्या झाकणाचा एकेक तुकडा कापून पाण्याने भरलेल्या बादलीत दाबून सोडा. बाटलीचा तुकडा तळाला जातो, झाकणाचा वर येतो. कारखान्यातही तुकडे केलेलं प्लास्टिक असंच पाण्यात सोडून वेगळं करतात.

आता चकचकीत पाऊच घ्या आणि मुठीत चुरगळा. मूठ उघडली की तो पुन्हा फुलतो. निव्वळ ॲल्युमिनियमची फॉइल चुरगळलेलीच राहते. पाऊचमध्ये प्लास्टिकचे पापुद्रे एकमेकांना चिकटलेले असतात, मध्ये धातूचा अगदी पातळ थर. ते सुटे करणं फार अवघड. इथे घरातल्या माणसाने कितीही मेहनत घेतली तरी उपयोग नाही, पाऊच बनवणाऱ्यानेच तो एकाच जातीच्या प्लास्टिकचा करायला हवा. मेसेज लिहिणाऱ्याचा राग इथे रास्त आहे, आणि तो त्याने इथेच काढायला हवा होता.

गाडीत सगळं एकत्र होतं, हे काही ठिकाणी खरं आहे आणि त्याबद्दल भांडलंच पाहिजे. तरीही कोरड्या पिशवीत बांधलेली बाटली पुढे निवडणाऱ्याच्या हाती चांगल्या स्थितीत लागते. ओल्या कचऱ्यात बरबटलेली सहसा तशीच मागे राहते.

राहिला ‘बायोडिग्रेडेबल’चा सल्ला. तो मला सगळ्यांत घातक वाटतो. अशा नावाने मिळणारे बरेच पारदर्शक पेले पीएलएचे, म्हणजे वनस्पतींपासून बनवलेल्या एका प्लास्टिकचे असतात. पीएलए कुजायला ओलावा आणि साठेक अंश सेल्सिअस उष्णता सतत लागते. ती मोठ्या कंपोस्ट प्रकल्पात मिळते, घरच्या कुंडीत किंवा समुद्रात नाही. शिवाय पीएलए पाण्यात बुडतं, पीईटीसारखंच, म्हणजे बादलीची युक्ती इथे चालत नाही. थोडं पीएलए मिसळलं तरी वितळवलेल्या पीईटीचा दर्जा घसरतो. तेव्हा असा पेला घरात आलाच, तर तो निदान बाटल्यांच्या पिशवीत टाकू नका.