‘चार दिवसांत चार शहरं, तेही आरामात’: सोलापूरकरांनी हा बेत का मोडावा

दिवाळीची सुट्टी जवळ आली की सोलापुरातल्या घराघरांच्या ग्रुपवर एक बेत फिरायला लागतो. विजापूर, बदामी, हंपी, हैदराबाद. चार दिवस आणि मुक्काम फक्त दोन. पहिल्या दिवशी पहाटे पाचला निघायचं, विजापूर आणि बदामी करून रात्री हंपीजवळचं होस्पेट गाठायचं. दुसऱ्या दिवशी हंपी बघून संध्याकाळी तिथूनच हैदराबादचा रस्ता धरायचा, रात्र गाडीत. तिसऱ्या दिवशी गोवळकोंडा, चारमिनार, सालारजंग म्युझियम. चौथ्या दिवशी रामोजी फिल्म सिटी, आणि रात्री सोलापूर. सोबत ग्वाही असते: लहान मुलं, आजी-आजोबा यांच्यासह आरामात होतं, खोलीचे पैसे वाचतात, आणि एकदा बाहेर पडलोच आहोत तर सगळं उरकून यावं, पुन्हा कोण जाणार?

यातली ठिकाणं सगळी सोन्यासारखी आहेत. म्हणूनच हा बेत माझ्या जिवाला लागतो.

पहिला दावा अंतराचा. ‘गाडी चालवणं सगळं मिळून वीस-बावीस तासांचं, चार दिवसांत ते काय मोठं?’ बेरीज बरोबर आहे. सोलापूर ते विजापूर शंभर किलोमीटर, तिथून बदामी सव्वाशेच्या घरात, पुढे हंपी दीडशेच्या आसपास, हंपी ते हैदराबाद पावणेचारशेच्या जवळपास आणि परतीचे तीनशे. पण सहल मोजायची ती उजेडात. दिवाळीच्या दिवसांत साडेसहाला फटफटतं आणि सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. हाताशी राहतात साडेअकरा तास, त्यातच नाश्ता, जेवण, पेट्रोल, तिकिटाची रांग आणि मुलांचं ‘आई, थांबव ना गाडी’. पहिल्या दिवशी सगळं वेळेवर झालं तरी बदामीत पोचायला दुपारचे तीन वाजतात. दोन तासांत लेण्या चढून उतरून अंधारात होस्पेटचा रस्ता धरावा लागतो. जमतं, नाही असं नाही. पण त्यात बदामीजवळची ऐहोळे आणि पट्टदकल ही जुन्या मंदिरांची गावं कुठेच बसत नाहीत, आणि बेत लिहिणाऱ्याने त्यांची नावंही घेतलेली नाहीत.

दुसरा दावा: ‘प्रत्येक ठिकाणी दीड-दोन तास पुरतात.’ इथे मला थांबून बोलायचं आहे.

गोलघुमट घ्या. मुहम्मद आदिलशहाची ही कबर. घुमटाचा बाहेरचा व्यास सुमारे ४४ मीटर, आत आधाराला एकही खांब नाही. कोपऱ्यातल्या मनोऱ्यांमधून सात मजले चढून गेलं की घुमटाच्या आतल्या सज्जात पोचतो. तिथे भिंतीशी तोंड नेऊन कुजबुजलेलं समोरच्या टोकाला ऐकू येतं. हे अनुभवायला शांतता लागते. शाळांच्या सहली येऊन शंभर पोरं एकदम ओरडायला लागली की सगळा नुसता गलका होतो. म्हणजे सकाळी लवकर जायला हवं, आणि आजोबांना तो अरुंद जिना चढायला वेळ द्यायला हवा. शहराच्या दुसऱ्या टोकाला इब्राहिम रोजा आहे, आणि वाटेत मलिक-ए-मैदान ही तोफ. ती १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली गेली आणि पुढे आपल्या शेजारच्या परांड्याच्या किल्ल्यावरून विजापुरात आली. मुलांनी परांडा पाहिला असेल तर त्यांना ही तोफ आपल्याच गावची वाटेल. दोन तासांत यातलं एकच काहीतरी धड होतं.

बदामीत तर आणखी नुकसान. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात चालुक्य घराण्यातल्या मंगलेशाने कोरवलेला इ.स. ५७८ चा लेख आहे. लेण्या पाहून खाली अगस्त्य तलावाच्या काठाने भूतनाथ मंदिरापर्यंत चालत जायचं, आणि उतरतं ऊन तांबड्या कड्यावर पडलेलं बघत बसायचं, ही बदामीची खरी वेळ. नेमक्या त्याच वेळी हा बेत आपल्याला गाडीत बसवतो. ऐहोळेच्या टेकडीवर मेगुती मंदिर आहे. तिथे रविकीर्ती या कवीने ६३४ मध्ये कोरवलेला चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीचा लेख आहे, त्यात तीन महाराष्ट्रकांचा आणि त्यांतल्या नव्याण्णव हजार गावांचा उल्लेख येतो. महाराष्ट्राचं नाव इतक्या जुन्या दगडावर आपल्यापासून एका दिवसाच्या वाटेवर असताना ते न बघता पुढे जायचं? पट्टदकलला नागर (उत्तरेकडची) आणि द्राविड (दक्षिणेकडची) अशा दोन्ही घडणींची शिखरं एकाच आवारात शेजारी-शेजारी उभी आहेत; शाळेच्या पुस्तकातला तो धडा मुलांना तिथे पाच मिनिटांत समजतो. १९८७ पासून ते जागतिक वारसास्थळ आहे.

हंपी आहे सुमारे ४२ चौरस किलोमीटरांत पसरलेली. विरूपाक्ष एका बाजूला, विठ्ठल मंदिर दुसऱ्या बाजूला, कमलमहाल आणि हत्तीशाळा आणखी तिसरीकडे. विठ्ठल मंदिरापाशी आपली गाडी जातही नाही. अलीकडे उतरून बॅटरीच्या गाडीची रांग लावायची किंवा चालत जायचं. पंढरीची मूर्ती विजयनगरहून संत एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी परत आणली, असं वारकरी परंपरा सांगते. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात. आपल्या घरच्या आजीला त्या रिकाम्या गाभाऱ्यासमोर घड्याळ बघत उभं करू नये, एवढंच मला म्हणायचं आहे.

तिसरा दावा सर्वांत वाईट: ‘रात्री प्रवास केला की दिवस वाचतो.’ ज्या ड्रायव्हरने आदल्या दिवशी पहाटे पाचपासून गाडी चालवली, जो दुसऱ्या दिवशी हंपीत आपल्याबरोबर उन्हात फिरला, त्याच्याच हाती रात्रभराचा रस्ता आणि अख्खं कुटुंब द्यायचं. तो झोपणार कधी, याचं उत्तर या बेतात नाही. त्यात दिवाळीनंतर उसाचा हंगाम सुरू होतो. आपल्या जिल्ह्यात, विजापूरकडे, बागलकोटकडे रात्री उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रस्त्यावर असतात. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तरी उसाच्या पाल्याखाली झाकलेला. सोलापूरच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोचायचं, हा नियम कुटुंबाच्या सहलीत कोणत्याही कारणाने मोडू नये.

खोलीचे पैसे वाचतात, हेही खरं नाही. हैदराबादला पहाटे पोचल्यावर आठ माणसांनी अंघोळ कुठे करायची? हॉटेलची खोली दुपारी बाराला मिळते. लवकर हवी तर जादा पैसे, नाहीतर तसंच चुरगळलेल्या कपड्यांत गोवळकोंड्याची चढण. त्या दिवशी शुक्रवार असला तर सालारजंग म्युझियम बंद. चौथ्या दिवशीची रामोजी फिल्म सिटी मुळात पूर्ण दिवसाची आहे आणि ती शहराच्या पूर्वेला, विजयवाड्याच्या रस्त्यावर. सोलापूरचा रस्ता पश्चिमेला पटणचेरूकडून निघतो. बाहेरच्या रिंग रोडने वळसा घालून संध्याकाळी निघालात तरी पुढे तीनशे किलोमीटर उरतात, म्हणजे पुन्हा रात्रच.

राहिला शेवटचा दावा, ‘पुन्हा कोण जाणार?’ मुंबई-पुण्याहून किंवा आणखी लांबून येणाऱ्याने हे म्हटलं तर मी समजू शकतो. त्याला विजापूर गाठायलाच अर्धा-पाऊण दिवस लागतो. सोलापूरकराने हे म्हणावं याचं मला वाईट वाटतं. विजापूर आपल्यापासून दोन तासांवर आहे. कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून पहाटे निघालं तर रविवारी संध्याकाळच्या चहाला घरी. बदामीला तर सोलापूरकडून गदगकडे जाणाऱ्या रेल्वेनेही जाता येतं. दुसऱ्यांचा घाईचा बेत आपण उसना का घ्यावा?

चार दिवस मिळत असतील तर मी असं करेन. विजापूर एखाद्या रविवारसाठी मागे ठेवायचं. सुट्टीत पहिल्या दिवशी सरळ बदामी, तिथेच तीन रात्री एकच खोली, एकदाच बॅग उघडायची. पोचल्या दिवशी संध्याकाळी तलाव आणि भूतनाथ. दुसऱ्या दिवशी सकाळी लेण्या, दुपारी सगळ्यांना झोप, संध्याकाळी बनशंकरी देवीचं मंदिर. तिसऱ्या दिवशी पट्टदकल आणि ऐहोळे. ज्येष्ठांचे गुडघे दुखत असतील तर मेगुतीची टेकडी तरुणांनी चढावी, बाकीच्यांनी खाली दुर्ग मंदिराच्या आवारात सावलीत बसावं. चौथ्या दिवशी परतताना कूडलसंगम. कृष्णा-मलप्रभेच्या संगमावर बसवेश्वरांची समाधी आहे, आणि बसवेश्वरांच्याच परंपरेतल्या सिद्धरामेश्वरांच्या सोलापूरच्या माणसाला तिथे परकं वाटत नाही.

हंपीला पुढच्या सुट्टीत स्वतंत्र तीन दिवस द्यायचे. हैदराबाद रेल्वेने करायचं, ड्रायव्हर आणि पार्किंग दोन्हींची काळजी मिटते. फक्त तिथला एकही मुख्य दिवस शुक्रवारी येणार नाही अशी तिकिटं काढायची आणि रामोजीला जायचं असेल तर शहरासाठी दोन दिवस वेगळे ठेवायचे.