‘वर्डप्रेस संपलं’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

‘वर्डप्रेसवर साइट असेल तर ताबडतोब वाचा’ अशा मथळ्याचा एक लांबलचक मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. वर्डप्रेस म्हणजे वेबसाइट बनवायचं आणि चालवायचं मोफत सॉफ्टवेअर. आजवर मी त्या मेसेजकडे दुर्लक्ष केलं. आता तो माझ्या मामापर्यंत पोचलाय. मामा निवृत्त शिक्षक. तालुक्यातले जुने वाडे, शिलालेख, जत्रा यांवर तो वर्षानुवर्षं लिहितोय आणि ते सगळं त्याच्या वर्डप्रेसच्या साइटवर आहे. मेसेज वाचून तो धास्तावला. त्यात एकाने त्याच मेसेजचा हवाला देऊन ‘तुमची साइट आमच्या सेवेवर हलवा, दर महिन्याला इतके भरा’ असं कोटेशनही त्याच्या हातात ठेवलं. आता गप्प बसणं शक्य नाही.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: वर्डप्रेसचा कोड सगळ्यांना दिसतो म्हणून ते हॅक होतं. मालकाच्या भांडणामुळे काम थांबलंय, साइट कधीही बंद पडतील. वर्डकॅम्प ही वर्डप्रेसवाल्यांची संमेलनं म्हणजे नुसते जाहिरातीचे मेळावे आहेत. आणि एआय आल्यावर याची गरजच उरलेली नाही.

पहिला मुद्दा सगळ्यात चुकीचा आणि सगळ्यात घातकही, कारण लोक घाबरतात ते यालाच. ‘कोड उघडा म्हणजे घराची किल्ली दारातच ठेवली’ असं मेसेज म्हणतो. कोड दिसणं म्हणजे पासवर्ड दिसणं नव्हे. तुमचा पासवर्ड आणि तुमचा डेटाबेस तुमच्या सर्व्हरवर असतो, तो कुणाला दिसत नाही. दिसतं ते साइट कशी चालते हे, आणि ते चोराइतकंच राखणदारालाही दिसतं.

२०१७चं प्रकरण बघा. ४.७ आणि ४.७.१ या आवृत्त्यांत एक खरोखर भयंकर चूक होती. लेख बदलायची विनंती पाठवताना लेखाच्या क्रमांकाला मुद्दाम काही अक्षरं चिकटवली, की ‘याला परवानगी आहे का’ हे तपासणाऱ्या भागाला त्या क्रमांकाचा लेखच सापडायचा नाही, आणि तो अडवायचाही नाही. पुढचा भाग मात्र अक्षरं गाळून फक्त आकडा घ्यायचा आणि त्या क्रमांकाचा लेख बदलून टाकायचा. लॉगिन न करता कुणीही कुणाचाही लेख बदलू शकत होता. सुकुरी या सुरक्षा कंपनीच्या माणसांना हे सापडलं आणि त्यांनी ते गाजावाजा न करता वर्डप्रेसला कळवलं. २६ जानेवारीला दुरुस्तीसह ४.७.२ आलं. मोठ्या होस्टिंग कंपन्यांना, म्हणजे साइटना सर्व्हरवर जागा देणाऱ्यांना, आतून सावध केलं गेलं, आणि चुकीचा तपशील जाहीर झाला १ फेब्रुवारीला, म्हणजे आपोआप अपडेट होणाऱ्या साइट सुरक्षित झाल्यावर. त्यानंतर लाखो पानं विद्रूप झाली हे खरंच आहे. पण ती कुणाची? मुख्यतः ज्यांच्या साइट अपडेट झालेल्या नव्हत्या त्यांची. छोट्या अपडेटची ही आपोआप सोय ३.७ पासून, म्हणजे २०१३ पासून आहे.

मग रोज ऐकू येणाऱ्या हॅक झालेल्या साइट कुठून येतात? पॅचस्टॅक या सुरक्षा कंपनीचा अहवाल सांगतो की २०२४मध्ये वर्डप्रेसच्या जगात ७,९६६ नव्या त्रुटी नोंदल्या गेल्या. आकडा मोठा आहे, आणि मेसेज लिहिणाऱ्याने तो पाहिला असता तर नक्की वापरला असता. पण त्यातल्या ९६ टक्के प्लगिनमध्ये, म्हणजे वरून जोडायच्या जादा सोयींमध्ये होत्या, ४ टक्के थीममध्ये, म्हणजे साइटच्या सजावटीच्या साच्यांमध्ये, आणि मूळ वर्डप्रेसमध्ये फक्त ७. तेव्हा भीती घालायचीच तर योग्य गोष्टीची घाला. वापरात नसलेली प्लगिन वर्षानुवर्षं तशीच पडून असतात. पैसे वाचवायला लोक ‘नल्ड’ प्लगिन टाकतात, म्हणजे विकतच्या प्लगिनची चोरटी प्रत, आणि तिच्यात कुणी काय घुसवलंय हे कुणालाच माहीत नसतं. साइट बनवून देणारेही बिलात खऱ्या प्लगिनची किंमत लावून हे टाकून देतात. याविरुद्ध त्या मेसेजमध्ये एक ओळ नाही.

दुसऱ्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, ते मान्य करावं लागेल. सप्टेंबर २०२४मध्ये पोर्टलंडच्या वर्डकॅम्प यूएसमध्ये वर्डप्रेसचा सहसंस्थापक मॅट मुलनवेग याने डब्ल्यूपी इंजिन या होस्टिंग कंपनीवर जाहीर तोफ डागली. ऑक्टोबरमध्ये ती कंपनी कोर्टात गेली. दरम्यान तिच्या ग्राहकांच्या साइटना वर्डप्रेस डॉट ऑर्गवरून, म्हणजे वर्डप्रेस आणि प्लगिन जिथून मिळतात त्या अधिकृत साइटवरून, थेट अपडेट मिळणं अडलं, आणि डिसेंबरात कोर्टाने अंतरिम आदेश देऊन ते सुरू करायला लावलं. एका माणसाच्या हाती इतकी सूत्रं असणं मलाही पटत नाही. जानेवारी २०२५मध्ये त्याच्या ऑटोमॅटिक कंपनीने प्रकल्पाला दिले जाणारे कामाचे तास एकदम घटवले, मेअखेर पुन्हा वाढवले. २०२४मध्ये तीन मोठ्या आवृत्त्या आल्या होत्या, २०२५मध्ये दोनच, एप्रिलात ६.८ आणि डिसेंबरात ६.९. वेग मंदावला. थांबला मात्र नाही.

आणि ‘कधीही बंद पडेल’ हे तर वर्डप्रेसच्या जन्मकथेच्याच उलट आहे. बी२ नावाचं ब्लॉग लिहायचं एक सॉफ्टवेअर होतं. ते लिहिणारा मिशेल वाल्द्रिघी काही काळ दिसेनासा झाला आणि काम ठप्प पडलं. कोड जीपीएल परवान्याखाली, म्हणजे कुणीही वापरावा, बदलावा, वाटावा अशा अटींवर, खुला होता, म्हणून मुलनवेग आणि इंग्लंडचा माइक लिटल यांनी तो घेऊन पुढे नेला. २७ मे २००३ला वर्डप्रेसची पहिली आवृत्ती आली ती अशी. २००५मध्ये मॅम्बो या अशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या कारभारावरून बिनसलं तेव्हा त्यातून जूमला निघालं. २०२४च्या भांडणानंतर प्लगिन वाटपाची वेगळी व्यवस्था उभी करायला लिनक्स फाउंडेशन या ना-नफा संस्थेच्या छत्राखाली ‘फेअर’ प्रकल्प सुरू झाला. मालक बिघडला तरी कोड घेऊन पुढे जाता येतं, हा हक्क परवान्यातच लिहिलेला आहे. महिना भाड्याच्या बंद सेवेत तो नसतो.

वर्डकॅम्पबद्दल. प्रायोजकांचे स्टॉल असतात, टी-शर्ट आणि स्टिकर वाटले जातात, हो. पण हे मेळावे नफ्यासाठी भरवता येत नाहीत, तिकीट मुद्दाम कमी ठेवलं जातं. पुणे, मुंबई, नाशिक इथेही ते झालेत. बँकॉक, तैपेई, मनिला यांच्यानंतर २०२६च्या वर्डकॅम्प एशियाचा मान मुंबईला जाहीर झाला. ‘कॉन्ट्रिब्युटर डे’ला, म्हणजे वर्डप्रेसच्या कामाला हातभार लावायच्या दिवशी, एखाद्या टेबलावर तासभर बसून बघा. कॉलेजातली मुलगी लॅपटॉपवर वर्डप्रेसची चाचणीची प्रत चालू करते, एक छोटं ‘तिकीट’, म्हणजे नोंदवलेली एखादी चूक किंवा काम, निवडते, शेजारी बसलेला अनुभवी माणूस तिला पॅच, म्हणजे दुरुस्तीचा कोड, कसा चढवायचा ते दाखवतो. पलीकडच्या टेबलावर भाषांतराचं काम चाललेलं असतं. मामाला त्याच्या डॅशबोर्डवर, म्हणजे साइट सांभाळायच्या पडद्यावर, मराठी दिसतं ते अशाच लोकांच्या बिनपगारी कामामुळे. त्यांना जाहिरातदार म्हणणं अन्यायाचं आहे.

एआयचा मुद्दा पटकन संपवतो. एआय पान बनवून देईल. पण उद्या जत्रेची तारीख बदलली, नवा फोटो टाकायचा झाला, पाचशे जुन्या लेखांतून एक शोधायचा झाला, तर ते सगळं कुठेतरी नीट साठवलेलं लागतंच. जगातल्या साइटपैकी सुमारे ४३ टक्के आजही वर्डप्रेसवर आहेत. हा आकडा काही वर्षं तिथेच रेंगाळलाय, पूर्वीसारखी वाढ नाही, हेही सांगून टाकतो. आणि एआयच्या साधनांना साइटवर काय काय करता येतं हे कळावं म्हणून ६.९मध्ये ‘अ‍ॅबिलिटीज एपीआय’ ही सोय आलीय.

मामासारखंच कोटेशन कुणाच्या हातात पडलं असेल, तर सही करण्याआधी एक काम करा. डॅशबोर्डवर ‘साधने’मध्ये जाऊन ‘निर्यात’ करा. सगळे लेख, पानं, प्रतिक्रिया एका फाइलमध्ये उतरतात. फोटो त्या फाइलमध्ये येत नाहीत, त्यांच्यासाठी होस्टिंगवरून अपलोडचं फोल्डर वेगळं उतरवून घ्या. मग कोटेशन देणाऱ्याला विचारा, की उद्या तुमची सेवा सोडायची झाली तर माझे लेख अशाच फाइलमध्ये परत मिळतील का, आणि ती फाइल दुसरीकडे चालेल का. उत्तर लेखी घ्या.